कातारी घडतो कसा?

विष्णुपुराणात आणि मार्कंडेय पुराणात एक कथा आहे. सूर्याची पत्नी संज्ञा ही विश्वकर्म्याची मुलगी. नवऱ्याचे तेज तिला सोसवेना, म्हणून आपल्या जागी छायेला ठेवून ती निघून गेली. पुढे सगळा प्रकार उघडकीला आला, तेव्हा सासऱ्याने जावयाला आपल्या फिरत्या यंत्रावर चढवले आणि त्याचे तेज तासून काढले. विष्णुपुराण म्हणते, एक अष्टमांश तेवढे निघाले. खाली पडलेले तेजही वाया गेले नाही. त्यातून विष्णूचे चक्र घडले, शंकराचा त्रिशूळ घडला, कार्तिकेयाची शक्ती घडली. कालिदासानेही ही कथा उपमेसाठी उचलली आहे. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात, इंदुमतीच्या स्वयंवरात, अवंतीच्या राजाचे वर्णन करताना त्याला त्वष्ट्याने यंत्रावर चढवून तासलेला सूर्य आठवतो.

मंडळी, उपमा कुठली द्यायची हे कवी श्रोत्यांकडे पाहून ठरवतो. जी वस्तू श्रोत्यांनी पाहिलीच नाही, तिची उपमा कोण देईल? म्हणजे फिरत्या यंत्रावर वस्तू चढवायची, ती गरगरत असताना तिला हत्यार लावायचे आणि नको तेवढा भाग उतरवायचा, ही क्रिया त्या काळी लोकांच्या चांगली परिचयाची होती. संस्कृतात या यंत्राला भ्रम किंवा भ्रमि म्हणत. हिंदीत त्याला खराद म्हणतात. आपण आज सरळ लेथ म्हणतो. पण मराठीत या कामाला एक जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे कातणे. सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोन्हींना आपल्याकडे एकच क्रियापद. लाकूड कातणारा तो कातारी, आणि त्याच्या हातून निघालेले काम ते कातीव. वाड्याच्या माजघरातला कातीव खांब, पाळण्याच्या कातीव दांड्या, देव्हाऱ्याचे कातीव कळस हे शब्द आपल्या आजीच्या बोलण्यात सहज येत.

घरात जरा नजर फिरवली तर कातकामाच्या वस्तू किती सापडतात! लाटणे आहे, ताक घुसळायच्या रवीचा दांडा आहे. तान्ह्या बाळाचा खुळखुळा, मुलांचा भोवरा, सारीपाटाच्या सोंगट्या, बुद्धिबळातली प्यादी, शिसवी पलंगाचे पाय. या वस्तू आपण रोज हाताळतो, पण त्या करणारा माणूस हे काम शिकला कसा, त्याचा पहिला दिवस कसा गेला असेल, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. आज आपण तोच प्रश्न घेऊन थोडे मागे जाणार आहोत. यंत्राचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. शिकणाऱ्याचा इतिहास मात्र यंत्राच्या आडोशाला राहिला.

या यंत्राचे सर्वांत जुने चित्र म्हणून इजिप्तमधल्या एका शिल्पपटाचा उल्लेख केला जातो. तूना एल्-गबल येथे पेतोसिरिस नावाच्या पुरोहिताची कबर आहे. ती इसवी सनापूर्वी सुमारे ३०० च्या काळातली. तिच्या भिंतीवर दोन माणसे दाखवली आहेत. एक जण दोरी ओढून वस्तू फिरवतो आहे आणि दुसऱ्याने तिला हत्यार लावले आहे. दोन माणसे, चार हात, हे लक्षात ठेवा. कारण पुढची दोन हजार वर्षे आपल्याकडच्या कातकामाचे चित्र जवळपास असेच राहिले.

आपल्या देशातली कातण्याची विद्या लाकडापुरती नव्हती. सांचीच्या स्तूपांतून मिळालेले शंखजिऱ्याचे अस्थिकलश पाहिले तर ते फिरवून कातलेले आहेत हे सहज ध्यानात येते. बेलूर-हळेबीडच्या बाराव्या शतकातल्या होयसळ मंदिरांत दगडी खांबांवर जी एकाखाली एक गोल वलये दिसतात, ती खांब फिरवून काढलेली आहेत असे अभ्यासक मानतात. दगड जर असा कातला जात होता, तर लाकडाचे काम किती झाले असेल! पण आपल्या दमट हवेत आणि वाळवीच्या राज्यात जुने लाकूड उरत नाही. कारागिराची परंपरा उरते, तीसुद्धा कुणी चालवली तर.

हा कारागीर काम कसे करी, याचे एक सुरेख वर्णन चक्क लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात मिळते. हॉल्टझॅप्फेल हे लंडनमधले लेथ बनवणारे नामांकित घराणे. त्यांनी कातकामावर पाच खंडांची ग्रंथमाला काढली. पहिला खंड १८४३ साली निघाला आणि पाचवा १८८४ साली. त्यातल्या चौथ्या खंडात हिंदुस्थानातल्या कातारी माणसाची हकीकत आहे. घरातले काही कातून घ्यायचे असले की कातारी आपले सामान घेऊन गिऱ्हाइकाच्या दारातच येतो. कामाच्या लांबीइतक्या अंतरावर जमिनीत दोन खड्डे खणतो, त्यांत दोन बुटके खुंट रोवून माती आणि दगड ठोकून ते घट्ट करतो. त्या खुंटांच्या दोन अणकुच्यांमध्ये लाकूड अडकवले की झाले त्याचे यंत्र तयार! मग एक जण लाकडाला वेढा दिलेली दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ओढतो. कातारी जमिनीवर बसतो, हाताने हत्यार धरतो आणि पायाच्या बोटांनी त्याला आधार देतो. हजारो रुपयांची नक्षीदार यंत्रे विकणाऱ्या घराण्याला दोन खुंट आणि एका दोरीचे कौतुक वाटावे, यातच काय ते आले.

आता या दोरीची एक गंमत आहे. दोरी एकदा इकडे ओढली जाते, एकदा तिकडे. लाकूडही एकदा पुढे फिरते आणि एकदा मागे. हत्याराची धार चालते ती लाकूड धारेच्या दिशेने येत असतानाच. ते उलटे फिरताना हत्यार किंचित मागे घ्यावे लागते. पुढे, मागे. लावायचे, सोडायचे. याचा अर्थ असा, की दोरी ओढणारा आणि हत्यार धरणारा यांची लय एक असल्याशिवाय एक लाटणेही होणार नाही. हेच त्या जुन्या शाळेचे पहिले इयत्तेचे वर्ष होते. घरातले पोर आधी दोरी ओढायला बसे. दोरी ओढता ओढता बापाचे हात रोज समोर दिसत. हत्यार कधी टेकते, कधी सुटते, आवाज कधी गोड येतो आणि कधी कर्कश होतो, हे न सांगता अंगात मुरत जाई. हातात हत्यार येईपर्यंत अर्धी विद्या कानांनी शिकून झालेली असे.

या शाळेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ती शाळा जन्माने मिळत होती. कातारी माणसाच्या घरी जन्मलेल्या मुलाला दुसरे काही व्हायची मुभा नव्हती, आणि बाहेरच्या मुलाला कितीही आवड असली तरी त्या अंगणात जागा नव्हती. घरातली बाई दोरी ओढून ओढून म्हातारी होई, पण हत्यार तिच्या हाती क्वचितच येई. विद्या घरात सुरक्षित होती हे खरे, पण ती घरात कोंडलेलीही होती. घर मोडले, धंदा बसला, मुलगा गिरणीत गेला, की तिचा पुढचा वारस कुणीच नसे.

युरोपात काय होते? तिथे एकट्या माणसाला काम करता यावे म्हणून दोरी ओढणाऱ्याऐवजी लवचीक काठी आली. जमिनीत रोवलेली किंवा छताला बांधलेली लांब काठी, तिच्या टोकाला दोरी, दोरीचा लाकडाला वेढा आणि खाली पायटा. पाय दाबला की लाकूड पुढे फिरते, पाय सोडला की काठी वर ओढून घेते आणि लाकूड मागे फिरते. कातणे पाय दाबतानाच. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत पायट्याला जड चाक जोडलेल्या लेथचे रेखाटन आहे. चाकामुळे लाकूड एकाच दिशेने अखंड फिरू शकते. पण गरीब कातारी पुढे कित्येक शतके काठीवरच काम करत राहिला, कारण काठी जंगलात फुकट मिळत होती.

तिथली शाळा जातीची नव्हती, पण तिलाही कुलूप होते. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कुठलाही धंदा करायचा तर सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. लंडनच्या कातकाम करणाऱ्यांच्या संघाला १६०४ साली राजाची सनद मिळाली. उमेदवाराने मालकाच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि पाहत पाहत शिकायचे. उमेदवारीची ही कायदेशीर सक्ती १८१४ साली उठली. राजेरजवाड्यांना मात्र अशी अट कधीच नव्हती. रशियाच्या पीटर द ग्रेटला कातकामाचा इतका नाद होता, की त्याने आंद्रेइ नार्तोव हा कुशल यंत्रकार त्यासाठी पदरी ठेवला होता. त्यांचे लेथ आजही सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात.

ज्यांना घर नाही आणि उस्तादही नाही, त्यांच्यासाठी तिसरी वाट निघाली ती छापील पुस्तकाची. सतराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत जोसेफ मॉक्सन याने लंडनमध्ये लोहारकाम, सुतारकाम आणि कातकाम यांची माहिती भागाभागाने छापली. १७०१ साली शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाने केवळ कातकामाला वाहिलेला सचित्र ग्रंथ लियाँ येथे प्रसिद्ध केला. हे काही लहान पाऊल नव्हते. पिढ्यान् पिढ्या ज्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसत, त्या आता पैसे मोजणाऱ्या कुणालाही वाचता येऊ लागल्या. पण पुस्तकाची एक अडचण असते. हत्याराचा आकार चित्रात दाखवता येतो, यंत्राची मापे देता येतात. लाकडावर हत्यार किती दाबायचे, हे कुठल्या चित्रात दाखवणार?

हा दाबाचा प्रश्न नेमका काय आहे, हे थोडे समजून घेऊ. नवशिक्याच्या पहिल्या दिवसाचे सगळे नाटक त्यातच आहे. लेथवर लाकूड आडवे, दोन टोकांत धरलेले असते. समोर एक पट्टी असते, तिच्यावर हत्यार टेकवायचे. हत्याराला धार असते आणि धारेच्या मागे घासून केलेला उतार असतो. नवशिका काय करतो? धार सरळ लाकडात खुपसतो. फिरते लाकूड हत्यार हिसकते, गचका बसतो, लाकडाची ढलपी उडते आणि पोटात गोळा येतो. जाणता माणूस आधी उतार लाकडाला टेकवतो. धार अजून लागलेलीच नसते. लाकूड उतारावरून नुसते घसरत असते. मग हत्याराचा मागचा दांडा तो हळूहळू उचलतो. एका क्षणी धार लाकडाला भेटते आणि बारीक, लांब, रिबिनीसारखा कीस निघायला लागतो. उतार टेकलेला असल्यामुळे धार हवी त्यापेक्षा खोल जाऊच शकत नाही. जगातल्या बहुतेक कातारी लोकांनी शोधलेले गुपित हे एवढेच. सांगायला दोन वाक्ये पुरतात, पण हाताला समजायला कित्येक ओंडके लागतात.

दुसरा धडा लाकडाच्या रेषांचा. दोन टोकांत धरलेल्या लाटण्यासारख्या वस्तूत नेहमी उंच भागाकडून सखल भागाकडे कातत यायचे, म्हणजे तंतू खालच्या तंतूंच्या आधाराने कापले जातात. उलट गेले की ते उचकटतात. आडव्या रेषांच्या लाकडातून वाटी कातताना बाहेरच्या अंगाला हाच नियम उलटा होतो, बुडाकडून काठाकडे जावे लागते. तिसरा धडा ओलाव्याचा. ओले लाकूड लोण्यासारखे कातले जाते, पण वाळताना ते सगळीकडे सारखे आकसत नाही, म्हणून गोल वाटी लंबगोल होते. त्यासाठी वाटी आधी जाड ठेवायची, व्यासाच्या दहाव्या हिस्स्याइतकी. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या वाटीची भिंत ३ सेंटिमीटर. ती काही महिने वाळू द्यायची आणि मग पुन्हा चढवून पातळ करायची. कुंभाराला चुकलेला गोळा पुन्हा चाकावर घेता येतो. कातारी माणसाला ती सोय नाही. उतरलेले लाकूड परत चढत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या सगळ्याला एक मोठे वळण मिळाले. १८०० सालच्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्ले याने स्क्रूचे आटे कापणारा अखंड लोखंडी लेथ उभा केला. तो आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. त्यात हत्यार माणसाच्या हातात नसते. ते एका सरकत्या घोडीवर घट्ट बसवलेले असते आणि स्क्रू फिरवला की ते ठरल्याइतकेच पुढे जाते. हाताचा थरथराट संपला, उताराचे गुपितही संपले. एकासारखे एक हजार आटे निघू लागले आणि कारखान्यांचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. आपल्याकडे १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्करची स्थापना झाली आणि देशी लेथ तयार होऊ लागले. आयटीआयमध्ये आज टर्नर हा अभ्यासक्रम आहे, तो याच धातूच्या लेथचा. गावोगावच्या मुलांना त्याने पोटाला लावले. जातीची कुंपणे ओलांडून कुणालाही शिकता येईल अशी ही शाळा होती, हे तिचे मोठे श्रेय.

पण लाकडाच्या लेथवर मात्र हत्यार हातातच राहिले. म्हणून ती विद्या अजूनही शरीरातून शरीराकडे जाते, आणि म्हणूनच ती हरवू शकते. याचे एक लख्ख उदाहरण इंग्लंडमधलेच आहे. बर्कशायर परगण्यात बकलबरी कॉमन म्हणून माळरान आहे. तिथे एका झोपडीवजा कार्यशाळेत जॉर्ज लेली नावाचा कातारी काठीच्या लेथवर एल्म लाकडाचे कटोरे करत असे. एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे कटोरे तो काढी, म्हणजे आतले लाकूड भुश्यात जात नसे. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या एच. व्ही. मॉर्टन यांच्या प्रवासवर्णनात त्याची भेट आली आणि त्याचे नाव सर्वदूर झाले. कौतुक भरपूर झाले, पण हातात हत्यार घेऊन शेजारी बसणारा कुणी आला नाही. १९५८ साली लेली वारला आणि काठीवर कटोरे करण्याची इंग्लंडमधली अखंड चालत आलेली साखळी तिथे तुटली. त्याचा लेथ आणि त्याची आकडीसारखी वळवलेली हत्यारे रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात जाऊन बसली.

पुढे १९९० च्या दशकात रॉबिन वुड नावाच्या तरुणाने ती हत्यारे पाहिली आणि हे काम आपण करायचे असे ठरवले. शिकवायला कोणी नव्हते. तशी हत्यारे बाजारात मिळत नव्हती, म्हणून तो आधी लोहारकाम शिकला आणि हत्यारे स्वतः घडवली. संग्रहालयातली हत्यारे निरखायची, जुने कटोरे निरखायचे, घरी येऊन करून पाहायचे, असे करत त्याने ती कला पुन्हा उभी केली आणि त्याच कामावर उदरनिर्वाह करून दाखवला. गोष्ट आनंदाची आहे, पण तिच्यातला हिशेब पाहा. लेलीच्या हयातीत एखादा उमेदवार जे त्याच्याशेजारी उभा राहून पाहता पाहता उचलता, ते मिळवायला या माणसाला आधी लोहार व्हावे लागले. संग्रहालयाने हत्यार जपले. हात जपणे संग्रहालयाच्या आवाक्यातले नसते.

आपल्याकडे अशी वेळ सावंतवाडीवर येता येता टळली. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी आणि फळे महाराष्ट्राच्या घराघरांत गेली आहेत. तिथेच लाखकाम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, करण्याची कला होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंजिफांची कला पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलावंताच्या हातात तेवढी उरली होती. राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच तरुण कारागिरांना घेऊन काम सुरू केले. गंजिफा हे रंगकाम आहे, कातकाम नव्हे. पण धडा तोच. पुंडलिक चितारी हयात असतानाच कुणीतरी त्यांच्यासमोर शिष्य होऊन बसले, म्हणून ते पत्ते आज केवळ काचेच्या कपाटात नाहीत.

लाखेचे कातकाम पाहायचे असेल तर कर्नाटकातल्या चन्नपट्टणला किंवा आंध्रातल्या एटिकोप्पाकाला जावे. दोन्हीकडे लाकूड मुख्यतः एकच, काळ्या कुड्याचे. पांढरे, मऊ आणि बारीक पोताचे. वस्तू कातून झाली की ती लेथवरच ठेवतात आणि फिरत असतानाच तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीचे पान तिच्यावर दाबून धरले की आरशासारखी चकाकी येते. ना ब्रश, ना डबा, ना वाळायची वाट. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर किड्यांनी केलेली लाख, रानातले लाकूड आणि बनातले पान! एटिकोप्पाकाच्या सी. व्ही. राजू यांनी वनस्पतींपासून केलेले रंग पुन्हा वापरात आणले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चन्नपट्टणमध्ये आता विजेच्या लेथवर स्त्रियाही काम करतात. जिला कधी काळी फक्त दोरी ओढायला बसवले असते, तिच्या हातात आज हत्यार आहे. जुन्या शाळेचे दार किलकिले झाले, ते इथे.

विजेच्या मोटरीने आणखी एक गोष्ट केली. हौशी माणसाला ही कला घरच्या पडवीत आणून दिली. अमेरिकेत १९८६ साली कातकाम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या गावोगावच्या शाखांमध्ये निवृत्त कारकून, डॉक्टर, शिक्षक एकमेकांकडून शिकतात. आपल्याकडेही मोठ्या शहरांत असे हौशी दिसू लागले आहेत. त्यांनी एक हिशेब मात्र डोक्यात ठेवावा. मिनिटाला एक हजार फेरे या वेगाने ५ सेंटिमीटर जाडीची दांडी फिरली, तर तिचा पृष्ठभाग ताशी साधारण साडेनऊ किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे हळू सायकल. तोच वेग ठेवून ३० सेंटिमीटरचे ताट चढवले तर काठाचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे जातो. दोरी ओढणारे पोर दमत होते, काहीतरी अडकले की थांबत होते. मोटर दमत नाही आणि थांबतही नाही. म्हणून सैल बाह्या, ओढणी, बांगड्या, गळ्यातली साखळी लेथजवळ नको. तोंडासमोर ढाल हवी. कळ दाबण्याआधी लाकूड हाताने एकदा पूर्ण फिरवून पाहायचे आणि हत्यार टेकवायची पट्टी सरकवायची ती यंत्र थांबल्यावरच. आणि पहिले काही दिवस तरी जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून शिकायचे.

कारण इतक्या शतकांच्या प्रवासातून शिकणाऱ्याच्या हाती जे लागते ते एवढेच आहे. घराण्याने विद्या दिली पण दार लावून घेतले. संघाने दार उघडले, पण सात वर्षे मागितली. पुस्तकाने दार काढूनच टाकले, पण हात धरायला कुणी ठेवले नाही. यंत्राने वेग दिला आणि धोकाही दिला. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तेव्हा गांधीजींनी हाताचे काम हेच शिक्षणाचे माध्यम असावे असा आग्रह धरला. झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात सुतारकामही होते. ती योजना सर्वत्र रुजली नाही. पण ज्या मुलाचे घराणे कातारी माणसाचे नाही, त्यालाही जाणत्या हाताशेजारी उभे राहता यावे, एवढी गोष्ट तर आजही करता येण्यासारखी आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. शाळेच्या आवारात एक पायट्याचा लेथ, चार हत्यारे आणि आठवड्यातून एक दुपार मोकळी असलेला एखादा म्हातारा कारागीर पुरेल. त्याला मानधन द्यावे, आणि त्याला मास्तर म्हणावे.

आज दुपारी पोळ्या झाल्या की घरातले लाटणे हातात घेऊन पाहा. यंत्रावर केलेले असेल आणि टोके घासून टाकली नसतील, तर दोन्ही टोकांना मधोमध एक बारीक खळगा दिसेल. त्या दोन बिंदूंवर ते कधीतरी गरगर फिरले होते आणि कुणीतरी त्याला उतार टेकवून हलकेच धार लावली होती. तो माणूस कुठल्या गावचा असेल आणि त्याच्याजवळ आता कोण शिकत असेल, याची चौकशी बाजारात लाटणे घेताना एकदा करून पाहायला काय हरकत आहे?